शाई कुठे थांबते? छापचित्रं करायला शिकणाऱ्यांसाठी

अंगठा शाईच्या पॅडवर टेकवा आणि कागदावर उठवा. बोटावरच्या वर आलेल्या रेघांना शाई लागते, मधल्या खाचा कोऱ्या राहतात. हा झाला उठावाचा छाप. आता तोच अंगठा शाईने चांगला माखा आणि फडक्याने वरवर पुसा. वरच्या रेघा साफ झाल्या, पण खाचांमध्ये शाई अडकून बसली. ओलसर, मऊ कागद जोराने दाबता आला तर तो खाचांत शिरेल आणि ती शाई उचलेल. मघाशी जिथे काळं होतं तिथे आता पांढरं, आणि पांढऱ्याच्या जागी काळं. हा खोल छाप. (खऱ्या अंगठ्यावर हा प्रयोग नीट जमत नाही, कातडी दबते. पण धातूच्या पत्र्यावर नेमकं हेच होतं.)

तिसऱ्यांदा शाई नको. कपाळावरून फिरवलेला तेलकट अंगठा काचेवर टेकवा आणि त्यावर तोंडाची वाफ सोडा. तेल आहे तिथे वाफ वेगळी बसते आणि ठसा दिसू लागतो. इथे उंच-खोल काहीच नाही, फक्त तेल आणि पाणी यांचं जुनं वैर आहे. शिळामुद्रण, म्हणजे दगडावरून छापणं (लिथोग्राफी), या वैरावर चालतं. आणि चौथा प्रकार तर हजारो वर्षांपूर्वी गुहेतल्या माणसांनी करून ठेवला आहे: पंजा भिंतीवर टेकवायचा, भोवती रंग फुंकायचा, हात काढून घ्यायचा. अडथळा होता तेवढी जागा कोरी. स्क्रीन प्रिंटिंग हे त्याचंच नातवंड.

छापचित्रांची नावं खूप आहेत आणि नवख्या माणसाला ती ऐकूनच धडकी भरते. पण कुठलंही तंत्र समोर आलं की एवढंच विचारायचं: शाई कुठे थांबते, आणि कुठे थांबत नाही? उत्तर या चार घरांपैकी एकात सापडतं. मग हत्यारं, कागद, दाब, पुसायची पद्धत हे सगळं का तसं आहे ते आपोआप कळत जातं.

पहिला ठसा लिनोवर

सुरुवात लिनोने करा, असं माझं स्पष्ट मत आहे. लाकडाला मान मोठा, पण लाकडात तंतू असतात आणि पहिल्याच दिवशी तंतूंशी झुंजण्यात अर्थ नाही. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा वगैरे कालवून तागाच्या कापडावर थापलेला थर. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने १८६० च्या दशकात तो जमिनीवर अंथरायला काढला. छापणाऱ्यांच्या हाती लागला तो नंतर. त्यात तंतू नाहीत, त्यामुळे कोरणी कुठल्याही दिशेने सारखीच चालते.

सामान फार लागत नाही. साधारण ३ मिलिमीटर जाडीचा, पोस्टकार्डाएवढा लिनोचा तुकडा, एक व्ही आकाराची कोरणी आणि एक यू आकाराची, रबरी रोलर, शाई पसरायला काच, छापाची शाई, थोडा पातळ पण चिवट कागद, आणि लाकडी चमचा. प्रेस आत्ता घेऊ नका. चमच्याने हात भरून येईपर्यंत घासलं की दाब म्हणजे काय ते कळतं, आणि ते कळलेला माणूस पुढे प्रेसही नीट चालवतो. रबरासारखे मऊ रंगीत तुकडेही मिळतात. कापायला ते सोपे खरे, पण बारीक रेघ त्यांत डगमगते. खऱ्या लिनोची करडी फरशी बरी.

लिनोचा वरचा थर थोडा तुकतुकीत असतो. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून ती चमक घालवा, नाहीतर शाई नीट धरत नाही. तुकडा जुना, कडक झाला असेल तर दहा मिनिटं उन्हात ठेवा. कोमट लिनो लोण्यासारखा कापला जातो. थंड लिनो कोरणीला झटके देतो, आणि हातावर होणाऱ्या जखमा बहुतेक या झटक्यांतूनच होतात.

चित्र उतरवायचं ट्रेसिंग पेपरवरून. मऊ पेन्सिलने, ४बी चालेल, ट्रेसिंगवर चित्र काढा. मग तो कागद उलटा, म्हणजे पेन्सिलची बाजू लिनोकडे करून ठेवा आणि पाठीवरून नखाने किंवा चमच्याने घासा. चित्र लिनोवर आरशातल्यासारखं उलटं उतरेल आणि छापल्यावर पुन्हा सुलटं होईल. अक्षरं असतील तर आपण मुद्दाम काही उलटवायला जायचं नाही. ट्रेसिंग पालथा घातला की काम झालं. रेघा उतरल्यावर त्यांवर पक्क्या मार्करने गिरवा, कारण कोरताना हाताने पेन्सिल पुसली जाते. एक सवय फार उपयोगी पडते: कोरण्याआधी अख्ख्या लिनोवर पाणीदार, फिकट रंगाचा हात फिरवून घ्या. मग कापलेली रेघ वेगळ्या रंगाची दिसते आणि चित्र कुठवर आलं ते प्रत्येक क्षणी डोळ्यांसमोर राहतं.

आता कोरणं. मोकळा हात नेहमी कोरणीच्या मागे. हे वाक्य मी नव्या माणसाला दर पाच मिनिटांनी ऐकवतो आणि तरीही सहाव्या मिनिटाला कोणाचा तरी डावा अंगठा कोरणीसमोर येतो. टेबलाच्या काठाला अडकणारी, वर आडवी पट्टी असलेली एक साधी लाकडी फळी करून घ्या. लिनो त्या पट्टीला टेकला की धरून ठेवायची गरज उरत नाही. कोरणी आडवी धरा, वीस-तीस अंशांपेक्षा जास्त उभी नाही. उभी धरली की ती तळाच्या तागात घुसते. वळणदार रेघ काढताना मनगट वळवायचं नाही, लिनो फिरवायचा. कोरणी जवळजवळ जागेवरच राहते आणि खालचा तुकडा चाकासारखा वळतो. अशी आलेली गोलाई मनगटाने कधीच येत नाही.

आधी व्ही कोरणीने आकारांच्या कडा, मग यूने मोकळ्या जागा. जी रेघ छापायची आहे तिच्या पोटाखालून कापू नका. तिचा उतार डोंगरासारखा, खाली रुंद आणि वर अरुंद असू द्या, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या छापाला ती मोडते. मोठी पांढरी जागा लहान जागेपेक्षा खोल खणावी लागते, कारण रोलर मध्ये झोका घेऊन तळाला टेकतो. तरीही थोडे ओरखडे छापात उमटतातच. ते सगळे नाहीसे करायच्या मागे लागू नका. कोरणी कुठल्या दिशेने फिरली ते सांगणाऱ्या त्या खुणा पुष्कळदा चित्रातली सगळ्यात जिवंत गोष्ट असतात.

आणि आता शाई. लिनोचे पहिले दहा छाप बिघडतात ते कोरण्यामुळे नाही, शाईमुळे. सगळेच जास्त लावतात. काचेवर चमचाभर नाही, बोटाच्या पेराएवढी शाई घ्या आणि रोलरने उभी-आडवी पसरवत राहा. दर फेरीला रोलर उचलून घ्या, म्हणजे तो मोकळा गरगरतो आणि शाई सगळ्या अंगाला सारखी लागते. थर जाड असेल तर काचेवर संत्र्याच्या सालीसारखी खडबड दिसते आणि रोलरखाली पचपच आवाज येतो. थर बरोबर झाला की खडबड जाते, मखमलीसारखी मंद चकाकी येते आणि आवाज बदलून बारीक सळसळ होते, रेशमी कापड हातातून सरकावं तशी. हा आवाज एकदा कानात बसला की पुढे डोळे मिटूनही शाई लावता येते. लिनोवर एका दमात जाड थर न देता चार-पाच पातळ हात द्या, दर वेळी काचेवर परत जाऊन.

कागद वरून अलगद सोडा. टेकल्यावर सरकवायचा नाही. तळहाताने मधून कडेकडे दाबा, मग चमच्याच्या पाठीने छोट्या गोलाकारात, एकही जागा न सोडता घासा. पातळ कागद असेल तर शाई चढली की चित्र पाठीमागून सावलीसारखं दिसायला लागतं. एक कोपरा धरून अर्ध्यापर्यंत उचलून पाहा, फिकट असेल तर तिथे दोन बोटं शाई लावा, कागद परत सोडा, पुन्हा घासा. दुसरा कोपरा दाबून ठेवला असेल तर कागद बरोबर त्याच जागी बसतो.

पहिला छाप फिका येणार. कोरडा लिनो शाई पितो, त्यात तुमची चूक नाही. दुसरा बरा, तिसऱ्यापासून खरं काय ते दिसतं. सगळीकडे मिठासारखे पांढरे ठिपके असतील तर शाई कमी पडली किंवा घासणं कमी झालं. बारीक पांढऱ्या रेघा बुजल्या असतील तर शाई जास्त झाली. मग शाई न लावता दोन-तीन छाप रद्दीवर काढा, लिनो आपोआप हलका होतो. तेलाची शाई वाळायला काही दिवस लागतात. छाप दोरीवर टांगा, एकावर एक रचू नका. हत्यारं आणि काच आधी खाद्यतेलाने पुसा, मग साबणाने. रॉकेल-टर्पेंटाइनचा वास घेत बसायची गरज नसते.

लाकूड, आणि एक न पाहिलेला गेंडा

लिनोवर हात बसला की लाकडाकडे वळा. तत्त्व तेच, स्वभाव वेगळा. फळी उभी कापलेली असते तेव्हा तंतू आडवे पसरलेले असतात. तंतूच्या दिशेने कोरणी पळते, आडवी गेली की फाटतं. म्हणून आधी धारदार सुरीने कडेला चीर द्यायची आणि मग कोरणीने बाहेरचं काढायचं. जुन्या काष्ठठशांतल्या रेघा अशा कणखर दिसतात त्या यामुळे. छापलेली तारीख असलेला सगळ्यात जुना परिपूर्ण छापील ग्रंथ, इ.स. ८६८ चं चिनी भाषेतलं वज्रसूत्र, असाच लाकडी ठशांवरून छापलेला आहे.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचा १५१५ चा गेंडा तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला तो प्राणी जहाजातून लिस्बनला पोचला. ड्यूररने तो स्वतः पाहिलाच नाही, एका पत्रावरून आणि रेखाटनावरून काढला. म्हणून त्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखे दिसतात आणि मानेवर एक जादा शिंग आहे. पण ठशामुळे तो युरोपभर पसरला, आणि पुढची कित्येक वर्षं लोकांना गेंडा तसाच असतो असं वाटत राहिलं. चित्र एका भिंतीवर राहिलं असतं तर चूकही तिथेच राहिली असती.

जपानी ठशांमध्ये काम वाटलेलं असे: चित्रकार वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि पैसे घालणारा प्रकाशक चौथा. चित्रकाराचं पातळ कागदावरचं रेखाटन लाकडावर उलटं चिकटवत आणि त्याच्यासकट कोरत. म्हणजे ठसा तयार होताना मूळ चित्र नष्ट होई. होकुसाईची १८३१ च्या सुमाराची ती प्रसिद्ध लाट अशीच जन्मली. तिची ‘मूळ प्रत’ कुठे लपलेली नाही, छाप हेच मूळ. तिथे रोलर नसतो. पाण्यातला रंग आणि भाताची खळ ब्रशने लाकडावर चोळतात आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या चकतीने, बारेनने, कागद घासतात.

लाकडाचा दुसरा प्रकार म्हणजे खोड आडवं कापून मिळणारी चकती. तिथे तंतू तुमच्याकडे तोंड करून उभे असतात, त्यामुळे दिशा अशी राहत नाही आणि केसासारखी रेघ काढता येते. थॉमस ब्यूइक या इंग्रज कोरणाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बॉक्सवुडच्या अशा तुकड्यांवर पक्ष्यांची पिसं न् पिसं उतरवली. हे तुकडे शिशाच्या अक्षरांच्या उंचीचेच करत, म्हणून मजकुरासोबत एकाच दाबात छापले जात. एकोणिसाव्या शतकातली सचित्र नियतकालिकं उभी राहिली ती याच्या जोरावर.

दुसरा रंग जागेवर कसा बसवायचा

एका रंगात रमलात तर फारच छान, पण दुसऱ्या रंगाचा मोह होतोच. अडचण एकच, कागद दर वेळी तिथेच बसला पाहिजे. जपान्यांनी ठशाच्याच कडेला दोन खुणा कोरल्या, कोपऱ्यात एक काटकोन आणि बाजूला एक सरळ खाच. कागदाचा कोपरा काटकोनात, कड खाचेला, आणि मग वरून सोडायचा. याला केंतो म्हणतात. तुम्ही जाड पुठ्ठ्यावर लिनो आणि कागद या दोन्हींसाठी एल आकाराच्या पट्ट्या चिकटवल्या तरी तेच साधतं.

लिनोमध्ये एकाच तुकड्यावर सगळे रंग काढायची युक्ती आहे. आधी जे पांढरं राहायचं ते कोरा, सगळे कागद फिकट रंगात छापा. मग जे फिकट राहायचं ते कोरून काढा, मधला रंग छापा. मग आणखी कोरा, गडद छापा. प्रत्येक टप्प्याला ठसा कमी कमी होत जातो आणि मागे फिरता येत नाही. पिकासोने १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे भरपूर केलं. मी पहिल्यांदा करताना आठच कागद घेतले होते. दुसऱ्या रंगाला तीन सरकले, तिसऱ्याला आणखी तीन, आणि उरलेल्या दोनांपैकी एकावर माझ्या कोपराचा डाग पडला. नवे छाप काढायला जुना ठसा शिल्लकच नव्हता. तेव्हापासून हव्या असलेल्या संख्येच्या दुप्पट कागद पहिल्या रंगात छापून ठेवतो.

खोल छाप: ओरखड्यातली शाई

आता उलटं जग. इथे तुम्ही कोराल ते काळं उमटेल. इथे प्रेस लागतोच, कारण कागद खाचेत शिरवायचा तर चमच्याचा जोर पुरत नाही. जवळच्या एखाद्या कार्यशाळेत तास ठरवून प्रेस वापरायला मिळाला तर उत्तम. अगदी लहान कामासाठी लोक पास्ता लाटायच्या हातयंत्रातूनही छाप काढतात, आणि चांगले काढतात.

पहिलं काम ड्रायपॉइंटचं करा. ॲक्रिलिकची एक-दोन मिलिमीटर जाडीची शीट घ्या, खाली चित्र ठेवा आणि टोकदार सुईने वरून ओरखडा. शीट पारदर्शक, त्यामुळे ट्रेसिंगचाही प्रश्न नाही. त्याआधी मात्र चारही कडा कानसीने तिरक्या घासून घ्या, साधारण ४५ अंशांत. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे टाळतात. मग प्रेसमधून कागद कडेला कापून बाहेर येतो आणि वरचं फेल्ट, म्हणजे दाबासाठी घातलेलं जाड लोकरी कापडही जखमी होतं.

सुई ओरखडते तेव्हा कडेला बारीक कुसळ उठतं, नांगराच्या तासाला माती उठावी तसं. त्याला बर म्हणतात. बोट हलकेच फिरवलं तर ते टोचतं. शाई खाचेत जाते तशी या कुसळातही अडकते, आणि छापल्यावर रेघेभोवती मऊ, काळा मखमली धूसरपणा येतो. ड्रायपॉइंटची सगळी जादू त्या कुसळात आहे आणि त्याचा शापही तोच. प्रेसच्या प्रत्येक फेरीला ते दबत जातं. दहा-वीस चांगले छाप निघाले की रेघ सुकलेली दिसू लागते. म्हणून पुसतानाही हात हलका हवा.

पुसणं हीच इथली खरी कला. पुठ्ठ्याच्या तुकड्याने शाई सगळीकडे दाबून भरा. मग टार्लटन, म्हणजे खळ घातलेलं जाळीदार कापड, बोळा करून गोल गोल फिरवत वरची शाई काढा. बोळा घट्ट आणि चपटा असू द्या. सैल कापड खाचेत शिरून आतली शाईही उपसतं. शेवटी जुन्या टेलिफोन डिरेक्टरीसारखा पातळ कागद हाताखाली सपाट धरून पुसा, नाहीतर खडूची पूड लावलेल्या तळहाताने. किती पुसायचं हे तुम्हीच ठरवायचं. शीट आरशासारखी स्वच्छ केली तर रेघ कोरडी, करकरीत येते. शाईचा पुसट पापुद्रा ठेवला तर आभाळ भरून आल्यासारखं वाटतं. डच चित्रकार रेम्ब्रांटने हे तंत्र कुठवर नेलं ते बघायचं असेल तर येशूला क्रुसावर चढवल्याचं दाखवणाऱ्या, १६५३ च्या त्याच्या ‘तीन क्रूस’ या छापचित्राच्या निरनिराळ्या अवस्था, म्हणजे पत्र्यात बदल करत काढलेले छाप, शेजारी ठेवून पाहा. चौथ्या अवस्थेत त्याने पत्र्यावरच्या कितीतरी आकृत्या घासून टाकल्या आणि सगळ्या दृश्यावर अंधाराच्या रेघा ओढल्या. पत्रा तोच, घटना तीच, पण सूर्य बुडालेला.

कागद सुती, जाड, साधारण २५० ते ३०० ग्रॅमचा. अर्धा तास पाण्यात ठेवा, मग दोन टिपकागदांमध्ये दाबून वरची चकाकी जाईपर्यंत टिपा. ओला नको, ओलसर हवा. गालाला लावला तर गार लागावा पण गाल ओला होऊ नये. प्रेसच्या पाटावर शीट, त्यावर कागद, त्यावर फेल्ट, आणि चाक एका दमात, न थांबता फिरवायचं. मध्ये थांबलात तर आडवी रेघ पडते. कागद उचलल्यावर चित्राभोवती शीटच्या कडेचा दबलेला चौकोन दिसेल. खोल छाप ओळखायची ती जुनी खूण आहे.

एचिंग म्हणजे हेच ओरखडे हाताच्या जोराऐवजी रसायनाकडून करून घेणं. तांब्याच्या पत्र्यावर मेण, डांबर, राळ यांचा पातळ थर देतात. सुईने तो थर फक्त खरवडायचा, धातूला धक्का लावायचा नाही. लेखणीने लिहावं इतकं ते सोपं असतं, म्हणून चित्रकारांना एचिंग फार आवडलं. मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवला की उघडं तांबं खाल्लं जातं. जितका वेळ जास्त, तितकी खाच खोल आणि रेघ काळी. हलक्या रेघा हव्या तेवढ्या खाऊन झाल्या की पत्रा बाहेर काढून त्या वॉर्निशने बुजवायच्या आणि बाकीच्यांसाठी पत्रा पुन्हा आत. असे चार-पाच टप्पे करता येतात. या द्रावणात खाचांमध्ये गाळ साठतो आणि खाणं मंदावतं, म्हणून पत्रा पालथा किंवा उभा ठेवतात.

रसायनं घरच्या मोरीत हाताळू नका. हातमोजे, चष्मा, खेळती हवा, आणि वापरलेलं द्रावण गटारात नाही. त्यात विरघळलेलं तांबं असतं. कुठलंही आम्ल पातळ करायचं असेल तर पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. पहिली एचिंग शिकवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा.

रेघा झाल्या, पण करडी छटा कुठून आणायची? त्यासाठी ॲक्वाटिंट. पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवतात आणि खालून तापवतात. कण वितळून चिकटतात, आणि द्रावण त्यांच्या मधल्या जागा खातं. हजारो सूक्ष्म खड्डे, म्हणजे हजारो सूक्ष्म शाईचे थेंब, म्हणजे करडा रंग. आधी एका पट्टीवर चाचणी घ्या: दहा सेकंद, अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच, असं टप्प्याटप्प्याने बुजवत गेलं की फिक्यापासून काळ्यापर्यंतची शिडी हाताशी येते. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या १७९९ च्या ८० छापांच्या ‘काप्रिचोस’ मालिकेतल्या त्या रात्री अशाच आल्या आहेत. राळेची पूड श्वासात जाणं वाईट आणि ती हवेत उडाली तर पेटही घेते, तेव्हा तीही कार्यशाळेतच.

मेझोटिंट त्याच्या उलट चालतं: दातेरी हत्याराने आधी सगळा पत्रा खरखरीत करायचा, म्हणजे तो पूर्ण काळा छापेल, आणि मग घोटून घोटून उजेड बाहेर काढायचा. नुसता पत्रा तयार करायलाच कित्येक तास जातात. नवख्या माणसाने पाहावं, करू नये.

दगड

शिळामुद्रण शोधून काढलं ते आलोईस सेनेफेल्डरने, आणि तो होता नाटकं लिहिणारा माणूस. आपली नाटकं स्वस्तात छापता यावीत म्हणून तो म्यूनिकमध्ये खटपटी करत होता. १७९६ मध्ये त्याने घाईघाईत धोब्याच्या कपड्यांची यादी दगडावर तेलकट शाईने लिहिली, अशी गोष्ट सांगतात. ती खरी, पण अर्धीच. त्या वेळी त्याने दगड आम्लाने खाऊ देऊन अक्षरं उठावाची केली होती. काही कोरायची गरजच नाही हे त्याच्या लक्षात आलं ते पुढच्या एक-दोन वर्षांत.

दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडक, अतिशय बारीक कणांचा. तो घासून सपाट करायचा आणि तेलकट खडूने थेट वर चित्र काढायचं. कागदावर काढावं तसंच, खरखर करत, बोटाने पुसत. मग बाभळीचा डिंक आणि थेंबभर नायट्रिक आम्ल यांचं मिश्रण लावायचं. तेलकट जागा दगडातल्या चुन्याशी जुळून शाईला धरणाऱ्या होतात, उरलेल्या जागेवर डिंक बसून ती पाण्याला धरून ठेवते. छापताना स्पंजाने दगड ओला करायचा, मग रोलर फिरवायचा. ओल्या जागेवरून शाई निसटते, चित्रावर चिकटते. पाणी सुकायच्या आत रोलर, रोलर झाला की पुन्हा पाणी. दोघांनी मिळून केलं तर काम लयीत येतं. आपल्या भाषेत शिळाप्रेस हा शब्द उगाच नाही रुजला, पोथ्यांपासून देवांच्या चित्रांपर्यंत पुष्कळ काही असं छापलं गेलं.

काम संपलं की दगडावर घासायची बारीक, खरखरीत पूड आणि पाणी टाकून दुसऱ्या दगडाने घासायचं, जुनं चित्र निघून जातं. कंटाळा करून थोडंच घासलं तर पुढच्या चित्राच्या मधोमध आधीच्या माणसाचं नाक उगवतं. शिळामुद्रण एकट्याने, पुस्तक वाचून शिकू नये. चांगल्या कार्यशाळेत आठवडाभर राहा.

जाळी

स्क्रीन प्रिंटिंगबद्दल थोडक्यात, कारण ते बहुतेकांनी कुठेतरी पाहिलेलं असतं. चौकटीवर ताणलेली जाळी, काही भाग बुजवलेला, आणि रबरी पट्टीने म्हणजे स्क्वीजीने शाई उरलेल्या भोकांतून खाली ओढायची. सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये याचं पेटंट घेतलं; १९६२ पासून अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने ते कलादालनांत गाजवलं. सगळ्यात सोपी सुरुवात कागदाची: पातळ कागदात आकार कापा, जाळीखाली ठेवा, पहिल्याच ओढीला शाईने तो जाळीला चिकटून बसतो. कागदावर छापायला सेंटीमीटरला ९० धाग्यांच्या आसपासची जाळी चालते, कापडाला त्याहून मोकळी. जाळी आणि कागद यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा, म्हणजे पट्टी पुढे गेली की जाळी मागून लगेच सुटते आणि कड फुटत नाही. या घरात चित्र उलटं होत नाही, हे लिनोवरून आलेल्या माणसाने विसरू नये. शाई जाळीत वाळू दिलीत तर मात्र जाळी गेली; फोन वाजला तरी आधी ती धुवा.

आकडे आणि सही

सारखे छाप किती काढायचे ते आधी ठरवा. वीस ठरले तर प्रत्येकाच्या खाली डाव्या बाजूला पेन्सिलने ३/२० असं लिहितात: विसांपैकी तिसरा. मधे नाव, उजवीकडे सही. पेनने नाही, पेनची शाई फिकी पडते आणि ओल लागली की पसरते. चाचणीच्या आणि स्वतःच्या प्रती वेगळ्या, त्यांवर ए. पी. (आर्टिस्ट्स प्रूफ, म्हणजे कलाकाराची प्रत) लिहायची पद्धत आहे, आणि त्या साधारण एकूण संख्येच्या दहा टक्क्यांपर्यंत ठेवतात. सगळ्यांत चांगला उतरलेला छाप भिंतीवर टाचून ठेवा आणि पुढचा प्रत्येक छाप त्याच्याशी ताडून पाहा. जे जुळत नाहीत ते वीसमध्ये धरू नका, कितीही जीव अडकला तरी.

संख्या पूर्ण झाली की ठशावर आडवी-उभी रेघ मारून तो रद्द करायचा, अशी रीत आहे. विकत घेणाऱ्याला दिलेला शब्द पाळण्यासाठी ती चांगलीच. मला मात्र लिनोवर सुरी चालवणं अजून जमलेलं नाही. मी ठसा तेलाने पुसतो, मागे तारीख आणि संख्या लिहितो आणि साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून सपाट ठेवतो. वर्तमानपत्रात नाही. एकदा ठेवला होता, तर सहा महिन्यांनी अख्खी बातमी लिनोवर उलटी उमटलेली निघाली.